हातातला क्लोरोफिल मीटर: उसाच्या पानाचं वय ओळखल्याशिवाय आकडा वाचू नका

कोनिका मिनोल्टाचा स्पॅड-502 प्लस हा हातात धरून वापरायचा क्लोरोफिल मीटर कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात घेण्यासारखा आहे का? यंत्र म्हणून चोख आहे, यात शंका नाही. पण ते नत्र मोजत नाही, पानाचा हिरवेपणा मोजतं. आणि हिरवेपणा आधी पानाच्या वयावर ठरतो, खतावर त्यानंतर. एवढी गोष्ट ज्याच्या डोक्यात पक्की बसली आहे त्याला या यंत्राचा खरा उपयोग होतो. नाहीतर म्हातारं पान चिमटीत धरायचं, आकडा कमी आला म्हणून घाबरायचं आणि युरियाचं आणखी एक पोतं फोडायचं, असं होतं.

म्हणून या परीक्षणात यंत्रापेक्षा पानाबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी यंत्र. वजन साधारण 200 ग्रॅम, दोन साधे एए सेल लागतात. पुढच्या टोकाला चिमट्यासारखा जबडा आहे. त्यात पान धरून दाबलं की दोन प्रकारचा प्रकाश पानातून आरपार जातो, एक 650 नॅनोमीटरचा तांबडा आणि दुसरा 940 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त. तांबडा प्रकाश हरितद्रव्य (क्लोरोफिल) शोषून घेतं, अवरक्त जवळजवळ सोडून देतं. दोन्हींतला फरक पाहून यंत्र आकडा दाखवतं. त्या आकड्याला एकक नाही. स्पॅड 40 म्हणजे 40 मिलीग्रॅम असलं काही नसतं, तो फक्त तुलनेचा आकडा आहे. खुद्द स्पॅड हे नाव 'सॉइल प्लांट अ‍ॅनालिसिस डेव्हलपमेंट' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलं आहे.

अवरक्त किरण कशाला, असा प्रश्न पडेल. पान जाड असलं की प्रकाश तसाही कमी बाहेर पडतो, मग त्यात हरितद्रव्य असो वा नसो. 940 चा किरण ही जाडी हिशोबातून वजा करतो. वजाबाकी पूर्ण होत नाही, पण बरीचशी होते. तांबड्यासाठी 650 निवडण्यामागेही विचार आहे. पानातली पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड द्रव्यं या लांबीचा प्रकाश शोषत नाहीत, त्यामुळे पान कितीही पिवळं असलं तरी पिवळा रंग यंत्राला फसवत नाही. माणसाचा डोळा मात्र पिवळ्याने हमखास फसतो.

मोजण्याची खिडकी 2 गुणिले 3 मिलिमीटर, म्हणजे तीळभर. जबड्यात जास्तीत जास्त 1.2 मिलिमीटर जाडीचं पान बसतं. उसाचं पातं सहज बसतं, मधली शीर मात्र धरायची नाही. अचूकता अधिक-उणे 1 एकक, तीसुद्धा आकडा 50 च्या आत असेल तर. तेव्हा 38.2 आणि 38.7 मधल्या फरकावर बोलायला अर्थ नाही. एका वेळी 30 रीडिंग आठवणीत राहतात आणि एका बटणावर त्यांची सरासरी मिळते. एका वाफ्याला 30 रीडिंग हा हिशोब त्यामुळे आपोआप बसतो.

आता पान म्हातारं होताना त्यात काय चालतं ते पाहू. हे समजल्याशिवाय यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

पान पिवळं पडणं म्हणजे पान सडणं नव्हे. ते झाडानं स्वतःहून, ठरलेल्या क्रमानं केलेलं काम आहे आणि त्यासाठी पेशी जिवंत असावी लागते. याचा पुरावा गोठ्यातच सापडतो. कडक उन्हात झटपट वाळवलेली वैरण हिरवट राहते. तीच वैरण सावलीत ढिगात ओली राहिली तर पिवळी पडते. झटपट वाळलेल्या पानातली पेशी मेली, मग हरितद्रव्य मोडायला कोणी उरलंच नाही. तणनाशकानं किंवा जाळानं तडकाफडकी मेलेलं पानही असंच राखट-हिरवं राहतं. ते नीट पिवळं होत नाही.

मोडण्याचा क्रम असा. पानात हरितद्रव्य अ आणि ब अशा दोन प्रकारचं असतं. आधी ब चं रूपांतर अ मध्ये होतं, कारण पुढची यंत्रणा फक्त अ ओळखते. मग स्टे-ग्रीन नावाचं प्रथिन हरितद्रव्याच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियमचा अणू काढून घेतं. उरतं ते फिओफायटिन. झाकण ठेवून शिजवलेल्या पालकाच्या भाजीचा रंग खाकी होतो तो याच पदार्थामुळे. तिथं मॅग्नेशियम भाजीतल्या आम्लानं निघतं, पानात ते प्रथिन काढतं. त्यानंतर दुसरं एक विकर (एन्झाइम) त्या रेणूची फायटॉल नावाची लांब शेपटी तोडतं. हे काम क्लोरोफिलेज करतं असं अनेक दशकं पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं. क्लोरोफिलेज नसलेली रोपंही वेळेवर पिवळी होतात हे दिसल्यावर ती समजूत मोडली, आणि 2009 मध्ये फिओफायटिनेज हे खरं विकर पुढं आलं. तुटलेली शेपटीही वाया जात नाही, तिच्यातला काही भाग ई जीवनसत्त्वासारखे पदार्थ बनवायला लागतो.

यापुढची पायरी सगळ्यात नाजूक. शेपटी गेल्यावर उरलेला फिओफोर्बाइड प्रकाशात धोकादायक असतो. ऊन पडलं की तो ऑक्सिजनचं विषारी रूप तयार करतो आणि पेशी जाळतो. पीएओ नावाचं विकर त्याचं गोल कडं फोडून त्याला निरुपद्रवी करतं. हे विकर बिघडलेल्या रोपांच्या पानांवर उजेडात मेलेले डाग पडतात. पीएओला लोह लागतं हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. कडं फुटलं की क्षणभर तांबडा पदार्थ तयार होतो. तो लगेच बदलतो आणि निळसर चमकणारे रंगहीन पदार्थ बनतात. ते हरितलवकातून (हरितद्रव्य असलेल्या पेशीतल्या कप्प्यातून) बाहेर पडून पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या पिशवीत, जातात आणि तिथल्या आम्लात चमकही हरवून कायमचे साठून राहतात. त्यांना फायलोबिलिन म्हणतात. जवाच्या पानांतून असा पहिला पदार्थ क्रॉयटलर आणि माटिल या शास्त्रज्ञांच्या गटानं 1991 मध्ये ओळखला. शरद ऋतूत पानं पिवळी होताना जगभर पडतात, पण हिरवं जातं कुठं याचं उत्तर तेवढ्या उशिरा मिळालं.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट आता येते. हरितद्रव्याच्या एका रेणूत नत्राचे चार अणू असतात. ते चारही त्या फायलोबिलिनमध्येच अडकून राहतात, झाडाला परत मिळत नाहीत. मग झाड एवढा खटाटोप कशासाठी करतं? हरितद्रव्यात पानाच्या एकूण नत्राच्या सुमारे दोनच टक्के नत्र असतं. पण हरितलवकांतल्या प्रथिनांत पानाचं जवळजवळ तीन-चतुर्थांश नत्र साठलेलं असतं, आणि त्यातली प्रकाश पकडणारी प्रथिनं हरितद्रव्याला घट्ट धरून बसतात. हरितद्रव्य काढल्याशिवाय ती सुटत नाहीत. म्हणून झाड आधी हरितद्रव्य विषमुक्त करून बाजूला ठेवतं, मग प्रथिनं मोडतं आणि त्यातलं नत्र वर, कोवळ्या पानांकडं पाठवतं. पानाचा आकडा घसरणं म्हणजे त्या पानातलं नत्र वर निघाल्याची खूण आहे.

उसाचं खालचं पान पिवळं दिसलं की त्यामुळे दोन गोष्टी असू शकतात. एक तर त्याचं वय झालं, नाहीतर जमिनीतून नत्र कमी पडतंय आणि झाड खालची तिजोरी वेळेआधी फोडतंय. एकटं यंत्र या दोन्हींत फरक करू शकत नाही. फरक करता येतो तो पानाचा क्रम पाहून.

उसाला मोजायची रीत

शेंड्याची पोंगळी सोडा. वरून खाली येताना पहिलं पूर्ण उघडलेलं पान शोधा, म्हणजे ज्याचं पातं आणि खोडाभोवती गुंडाळलेला भाग जिथं जुळतात तिथला त्रिकोणी पट्टा स्पष्ट बाहेर दिसतो ते. ते पहिलं. त्याच्या खालचं दुसरं, त्याच्या खालचं तिसरं. ऊस संशोधनात पान-परीक्षणासाठी बहुधा तिसरं पान घेतात. पहिलं घ्या किंवा तिसरं, पण एकदा ठरवलं की पूर्ण हंगामभर तेच. आज पहिलं, पुढच्या पंधरवड्यात चौथं असं झालं तर आकड्यांची तुलना संपली.

पानावरची जागाही ठरलेली हवी. उसाचं पान गवतासारखं बुडातून वाढतं, त्यामुळे टोक सगळ्यात जुनं आणि बूड सगळ्यात कोवळं. एकाच पानावर टोक, मध्य आणि बूड मोजलं तर तीन वेगळे आकडे मिळतात. तिसऱ्या पानाच्या लांबीचा मध्य घ्या. मधली शीर आणि कडा यांच्या बरोबर मध्ये जबडा लावा. तीळभर खिडकीखाली बारीक शिरा किती आल्या यावरही आकडा हलतो, म्हणून एका पानावर बोटभर अंतरानं तीन वेळा दाबून सरासरी घ्यायची आणि दहा उसांवर ते करायचं. 30 ची आठवण भरते.

यंत्र चालू केलं की आधी रिकामा जबडा बंद करून शून्य लावायचं. हे चुकवलं तर पुढचं सगळं चुकतं. सोबत तपासणीची एक पट्टी येते. तिच्यावर लिहिलेला आकडा आणि यंत्राचा आकडा जुळतो का हे दर वेळी शेतात शिरण्याआधी पाहावं. पट्टीवर धूळ किंवा बोटांचे ठसे असले तर पट्टीच खोटं बोलते, ती सुती कापडात गुंडाळून ठेवा.

सकाळी दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत मोजा. कडक उन्हात पेशीतली हरितलवकं प्रकाश टाळण्यासाठी बाजूच्या भिंतींना सरकतात आणि तांबडा प्रकाश जास्त आरपार जातो. गव्हात यामुळे दुपारी आकडा खाली येतो हे माहीत आहे. आपल्याकडं दर वेळी साधारण त्याच वेळी मोजलं की हा गोंधळ टळतो. मोजताना अंगाची सावली पानावर पाडायची.

मोजण्याआधी पान पुसा. उसाची कूस (बारीक काटेरी लव) जबड्याच्या खिडकीला चिकटते आणि दहा-पंधरा पानांनंतर आकडे हळूहळू वर सरकू लागतात. कोणाच्या लक्षात येत नाही, कारण हा बदल सावकाश होतो. दर दहा पानांनी मऊ कापडानं खिडकी पुसावी. 2019 च्या ऑगस्टमध्ये किंवा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात शिरोळ, हातकणंगले, करवीरचा जसा ऊस बुडाला तशा पिकावर गाळाचा पापुद्रा राहतो. तो ओल्या फडक्यानं पुसून पान कोरडं केल्याशिवाय यंत्र लावूच नये.

मग आकडा आला, त्याचं करायचं काय? 'उसाला अमुक स्पॅड हवा' असा एकच आकडा विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. को 86032 या जातीचा आकडा फुले 265 या जातीला लागू होत नाही, लागणीचा खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला) नाही, आणि चार महिन्यांचा आठ महिन्यांना नाही. विश्वासार्ह पद्धत एकच, तुमच्याच रानात एक भरपूर नत्राची पट्टी ठेवणं. चार-पाच सऱ्या, दहा मीटर लांब, बाकी सगळं तसंच पण नत्र शिफारशीच्या सव्वापट. जात, लागणीची तारीख आणि पाणी एकच असायला हवं. ती पट्टी बांधाच्या कडेला नको, रानाच्या मध्यात हवी.

दोन्हीकडची सरासरी काढा, रानाचा आकडा पट्टीच्या आकड्यानं भागा, 100 नं गुणा. समजा पट्टीची सरासरी 42 आणि रानाची 39 आली, तर उत्तर सुमारे 93. मक्यावरच्या अमेरिकेतल्या कामातून 95 च्या खाली गेलं की नत्र द्यावं असा संकेत आला आहे आणि उसालाही तोच सुरुवातीचा निकष म्हणून चालतो. रान 40.5 असेल तर उत्तर 96, हात आवरा.

आकडा एका बाजूनं बंद असतो ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. नत्र पुरेसं झालं की त्यापुढं कितीही टाकलं तरी हिरवेपणा वाढत नाही, जास्तीचं नत्र पानात नायट्रेट म्हणून पडून राहतं. म्हणजे यंत्र कमतरता दाखवतं, अतिरेक दाखवत नाही. कोल्हापुरात हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडं चूक बहुधा अतिरेकाची असते. आडसालीला (पावसाळ्यात लावून सुमारे दीड वर्षानं तोडायच्या उसाला) हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस म्हणजे एकरी 160 किलो. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20.7 किलो नत्र, तेव्हा सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर एकरी पावणेआठ पोती. शिवाय हे लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या भरणीला (उसाला शेवटची माती चढवताना) 40 असं विभागून द्यायचं असतं. मीटरचा खरा फायदा बाळभरणीनंतर मोठ्या भरणीआधी आहे. त्या शेवटच्या 40 टक्क्यांतलं सगळं टाकायचं की थोडं राखायचं, हे तिथं ठरतं.

आणि मोठ्या भरणीनंतर मीटर कपाटात ठेवा. गुऱ्हाळाला जाणारा ऊस शेवटच्या महिन्यांत थोडा फिका व्हायलाच हवा. उशिरा दिलेलं आणि जास्तीचं नत्र साखर साठण्याच्या आड येतं, रसाची शुद्धता घसरते, गूळ काळपट आणि मऊ होतो, ढेप नीट बसत नाही. गुळाच्या बाजारात अशा ढेपेला दर मिळत नाही. अशा वेळी वरचं पान गर्द हिरवं दिसून आकडा चांगला आला म्हणून आनंद मानायचं कारण नाही.

कुठं चुकतं

खोडव्यात सर्वात जास्त. खोडवा फुटल्यावर कोवळी पानं पिवळट-पांढरी पडतात, शिरा हिरव्या राहतात. आपल्याकडं याला केवडा पडणं म्हणतात. मीटर लावला की आकडा फार खाली येतो आणि हात युरियाकडं जातो. पण हा लोहाचा तुटवडा आहे. हरितद्रव्यात लोह नसतं, पण ते बनवायला लोह लागतं, आणि लोह एकदा पानात बसलं की सहज हलत नाही. म्हणून तुटवडा नव्या पानांवर दिसतो, जुनी हिरवी राहतात. नत्राचं उलटं आहे, ते फिरतं असतं, म्हणून जुनी पानं आधी जातात. गंधकाचा तुटवडाही वरच्या पानांवर येतो, पण तिथं शिरांसकट पूर्ण पान एकसारखं फिकं होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानांवर शिरांमधला भाग पिवळा.

म्हणून मीटर एका पानावर लावण्यापेक्षा एकाच उसावर पहिलं, तिसरं आणि सहावं अशी तीन पानं मोजावीत. वरचं चांगलं आणि खालचं वेगानं घसरत असेल तर नत्राचा विचार करा. वरचं कमी आणि खालचं चांगलं असेल तर लोह आणि गंधक बघा, जमिनीतला चुना बघा. सगळीच कमी असतील तर मुळांकडं पाहा: पाणी साठलंय का, हुमणी (मुळं खाणारी अळी) लागलीय का. केवड्याला फेरस सल्फेटची अर्धा ते एक टक्का फवारणी लागू पडते. जमिनीतून द्यायचं तर हेक्टरी 25 किलो, तेही शेणखतात मुरवून, सरळ मातीत टाकलं तर चुनखडीच्या रानात लगेच अडकतं.

पुराच्या किंवा पाणथळ रानात खालच्या पानांचा आकडा झपाट्यानं पडतो. मुळांना हवा मिळत नाही, नत्र जमिनीतूनच वायू होऊन उडून जातं, आणि ताणात झाड इथिलीन बनवतं, जे पानं म्हातारी करण्याची सूचना देतं. अशा वेळी वापसा येईपर्यंत मीटर लावून काही मिळत नाही. चर काढून पाणी बाहेर घालवा, मग मोजा.

रोगांपुढं तर यंत्र जवळजवळ आंधळंच. उसाच्या पिवळ्या पानाच्या रोगात पानाच्या खालच्या बाजूनं मधली शीर पिवळी पडते. आपण शीर टाळून मोजतो, त्यामुळे यंत्र 'सगळं ठीक' सांगतं. पोक्का बोइंगमध्ये कोवळ्या पानाचं बूड फिकं होतं, मध्यावर मोजलं तर तेही निसटतं. मीटर लावायच्या आधी पान उलटं करून डोळ्यानं बघायला पाच सेकंद लागतात. ती पाच सेकंद वाचवू नयेत.

हिरवं दिसतं ते सगळं कामाचं असतं असंही नाही. मेंडेलच्या हिरव्या वाटाण्यात स्टे-ग्रीन प्रथिनच बिघडलेलं होतं, हे 2007 मध्ये उलगडलं. हरितद्रव्य मोडत नाही म्हणून दाणा हिरवा राहतो, पान हिरवं राहतं, पण त्या पानाचं अन्न बनवण्याचं काम वयानुसार थांबतच जातं. मीटर त्याला पैकीच्या पैकी गुण देतो. दोन जातींची तुलना करताना जिचा आकडा जास्त तिचं उत्पन्न जास्त असं म्हणूच नये.

पाल्याबद्दलही थोडं. बरेच जण जनावरांसाठी उसाची खालची अर्धवट हिरवी पानं ओरबाडतात. अशा पानावर मीटर लावून बघा, आकडा अजून बऱ्यापैकी असेल तर त्यातलं नत्र वर गेलेलं नाही, ते तुम्ही गोठ्यात नेताय. पूर्ण वाळून पाचट झालेलं पान काढायला हरकत नाही, कारण तोवर झाडानं आपलं काढून घेतलेलं असतं. तेही जाळण्यापेक्षा सरीत अंथरलेलं बरं.

प्रयोगशाळेशी ताडून पाहायचं असेल तर 80 टक्के अ‍ॅसिटोनमध्ये पान खलून 645 आणि 663 नॅनोमीटरला मोजण्याची अरनॉनची 1949 ची पद्धत आजही पुरते. 20.2 गुणिले 645 चं शोषण, अधिक 8.02 गुणिले 663 चं शोषण, म्हणजे मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये एकूण हरितद्रव्य. त्याच पानावर आधी स्पॅड घेऊन दोन्ही आकड्यांचा आलेख काढला की रेषा सरळ न येता वर जाताना वळते. म्हणूनच स्पॅड दुप्पट म्हणजे हरितद्रव्य दुप्पट नाही. अर्क काढताना चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट टाकावं, नाहीतर पानातल्या आम्लानं फिओफायटिन होऊन आकडा खोटा येतो. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग सहज होतो.

स्वस्तातला पर्याय: रंगतक्ता

आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा चार पट्ट्यांचा पानांचा रंगतक्ता एका मटण थाळीपेक्षा स्वस्त मिळतो आणि भातासाठी आम्ही तोच घ्या असं सांगू. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, पूर्ण उघडलेलं सर्वात वरचं पान, सावलीत धरून, दहा रोपं, दर दहा दिवसांनी. दहापैकी सहा किंवा जास्त पानं ठरलेल्या पट्टीपेक्षा फिकी असली तर नत्राचा हप्ता द्यायचा. लावणीच्या भाताला पट्टी 4, बासमतीसारख्या सुवासिक भाताला 3. आजऱ्याच्या घनसाळ या सुवासिक भाताला 4 चा निकष लावू नये, तो उंच वाढतो आणि जास्त नत्रावर लोळतो. स्पॅडनं मोजायचं तर लावणीच्या भातासाठी 35 हा आकडा वापरतात, ढगाळ पावसाळी हंगामात तो आणखी खाली धरतात. गगनबावडा-राधानगरीकडचा सततचा ढग लक्षात घेतला तर ते योग्यच आहे.

तक्त्याची अडचण एकच. दोन माणसं एकाच पानाला दोन पट्ट्या सांगतात. एकाच माणसानं पूर्ण हंगाम पाहिलं तर ती अडचण राहत नाही. तक्ता उन्हात टाकू नका, प्लास्टिकचा रंग उडतो आणि मग सगळ्या रानाला नत्र पुरेसं वाटू लागतं. उसाला मात्र तो लावू नये, त्याचे रंग भातासाठी जुळवलेले आहेत.

घेताना

मीटरची किंमत लाखाच्या पुढं जाते, त्यामुळे दोन-चार एकरवाल्यानं एकट्यानं घेऊ नये. साखर कारखान्याचा शेती विभाग, शेतकरी उत्पादक कंपनी, विकास सोसायटी किंवा सल्ला देणारा कृषी पदवीधर यांच्याकडं असला की शिवारभर फिरतो आणि पैसे वसूल होतात. बाजारात त्याच्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त यंत्रांचे आकडे स्पॅडच्या आकड्यांशी जुळतीलच असं नाही. एकाच पानावर दोन्ही लावून पाहिल्याशिवाय जुन्या आकड्यांशी तुलना करू नये. स्वस्त यंत्र वाईटच असतं असं नाही. भरपूर नत्राची पट्टी ठेवली असेल तर तेही चालतं, कारण पट्टी आणि रान दोन्ही एकाच यंत्रानं मोजलेले असतात.

दुकानात यंत्र हाती आलं की आधी तपासणीची पट्टी मागा आणि दहा वेळा मोजा. आकडा एका एककापेक्षा जास्त हलला तर घेऊ नका. मग एखादं जास्वंदीचं पान आणा, एकाच जागी दाबून सोडा, दाबून सोडा, असं पाच वेळा करा. जबड्याची स्प्रिंग ढिली असेल तर बाजूनं उजेड शिरतो आणि आकडे नाचतात. हे दुकानाच्या दारात, उन्हाच्या तिरिपेत करा, आत ट्यूबलाइटखाली ढिली स्प्रिंग कळत नाही. पिशवीत यंत्रासोबत मऊ कापड, जास्तीचे दोन सेल, वही आणि सुतळीनं बांधलेली पेन्सिल असू द्या. हंगाम संपला की सेल काढून ठेवा. पावसाळ्यात सेल आतच राहिले तर पुढच्या लागणीपर्यंत त्यांचं पाणी सुटून टोकं गंजलेली सापडतात.